काचेमागचा मिक्सर: नागपूरच्या एका सभागृहातल्या वायरलेस नियंत्रणाचा प्रकरण अभ्यास

धरमपेठ भागातल्या एका शिक्षण संस्थेचं हे सभागृह. सिव्हिल लाइन्समधल्या वसंतराव देशपांडे सभागृहाच्या किंवा रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहाच्या तोलाचं नाही, पण खाली प्रेक्षागृह, वर छोटी बाल्कनी आणि गणेशोत्सवापासून हिवाळा संपेपर्यंत जवळजवळ कधीच रिकामा नसणारा रंगमंच. सकाळी शाळेची सभा, दुपारी कुणाचं प्रकाशन, संध्याकाळी गझल किंवा नाट्यसंगीत. संस्थेने जुना अॅनालॉग मिक्सर, म्हणजे सगळ्या माईकचे आवाज जुळवणारं यंत्र, काढून बेहरिंगरचा एक्स३२ कॉम्पॅक्ट हा डिजिटल मिक्सर घेतला आणि तो जुन्याच जागी ठेवला, म्हणजे बाल्कनीच्या मागच्या कंट्रोल रूममध्ये, काचेच्या खिडकीमागे.

अनेक जुन्या सभागृहांत ही खोली अशीच बांधलेली दिसते. दिवे आणि आवाज एकाच ठिकाणाहून चालावेत, यंत्रं कुलपात राहावीत, हा त्यामागचा हिशेब. पण आवाज चालवणाऱ्याला सभागृह ऐकूच येत नाही. खोलीतल्या छोट्या स्पीकरवर जे येतं ते मिक्सरमधून बाहेर पडणारं असतं. भिंतींवरून आदळून पाचव्या रांगेत पोचणारं वेगळंच असतं. सभागृहाचे ऑपरेटर काका, ज्यांना सगळं नागपूर काकाच म्हणतं, कमिटीपुढे एवढंच बोलले होते: “काचेमागून भाजीचं मीठ कसं सांगू जी?”

म्हणून टॅबलेट. मागणी साधी होती: मिक्सर वरच राहू द्या, काका खाली प्रेक्षकांत बसतील आणि वाय-फायवरून टॅबलेटने तो चालवतील. संस्थेच्या ऑफिसात एक जुना आयपॅड पडून होता, ऑफिसचं वाय-फाय होतंच. तालमीला सगळं छान चाललं. कार्यक्रमाच्या रात्री सभागृह भरलं आणि पहिल्या दोन रचनांनंतर स्क्रीन गोठली. गायिकेचा आवाज थोडा मागे पडला होता म्हणून काका फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती पट्टी, वर सरकवत राहिले. काही फरक पडेना, म्हणून आणखी वर. मग जोडणी परत आली, काकांचं बोट जरासं हललं आणि सभागृहभर कुई घुमली. काका जिना चढून वर धावले. तोवर स्टेजवरच्या निवेदिकेने दोन शेर जास्त म्हणून वेळ मारून नेली.

या टप्प्यावर मला बोलावलं गेलं. कमिटीचा प्रश्न होता, “कोणतं अॅप चांगलं?” मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. या धंद्यात लोक अॅपवरून तासन्‌तास भांडतात, आणि कुणाच्या हातात काय पोचू द्यायचं नाही हे ठरवायला मात्र कुणालाच वेळ नसतो. पण आधी त्या रात्रीचं नीट उलगडणं गरजेचं होतं.

मिक्सर आणि टॅबलेट यांच्यामध्ये हवेतून आवाज जात नाही, हे कमिटीतल्या निम्म्या लोकांना नव्याने कळलं. हवेतून जातात ते फक्त आदेश: अमुक चॅनलचा, म्हणजे अमुक माईकचा, फेडर अमुक जागी. माईकचा आवाज स्टेजवरच्या बॉक्समधून केबलने वर येतो, मिक्सरमध्ये घडतो आणि केबलनेच स्पीकरकडे जातो. म्हणून वाय-फाय मेलं तरी कार्यक्रम बंद पडत नाही. मिक्सर शेवटच्या आदेशावर शांतपणे चालत राहतो. धोका बंद पडण्याचा नसून खोट्या स्क्रीनचा आहे. स्क्रीनवरचा फेडर वर गेलेला, मिक्सरमधला जिथल्या तिथे. मधले आदेश हवेत हरवले. जोडणी आल्यावर बोटाने पाठवलेला पुढचा आदेश ‘थोडं वाढव’ असा नव्हता, ‘या उंचीवर जा’ असा होता. मिक्सरने मुकाट्याने तेच केलं.

हे असं का होतं, ते त्या आदेशांच्या भाषेत आहे. एक्स३२ ओएससी (ओपन साउंड कंट्रोल) नावाच्या पद्धतीने बोलतो. ही पद्धत १९९० च्या दशकात बर्कलीच्या विद्यापीठात संगीताच्या संगणकांसाठी तयार झाली. आदेश वाचायला सोपे असतात: पहिल्या चॅनलच्या फेडरचा एक पत्ता आणि पुढे ० ते १ मधला आकडा. ०.७५ म्हणजे शून्य डेसिबल, आवाज आला तसाच पुढे. हे आदेश यूडीपी नावाच्या नेटवर्क पद्धतीने १००२३ या पोर्टला जातात आणि यूडीपीत पोचपावती नसते. फेडर सरकवताना डझनावारी आदेश सुटतात, त्यातला एखादा हरवला तर पुढचा पोचतोच. पण म्यूटचं बटण एकदाच दाबलं जातं. तो एक आदेश गहाळ झाला तर स्क्रीनवर लाल दिवा आणि स्टेजवर माईक चालूच, असा प्रकार होऊ शकतो. वक्त्याने स्टेजच्या कडेला उभं राहून जे बोलायचं ते सगळ्यांना ऐकू जातं. नागपूरकरांना अशा आठवणी सांगायची गरज नाही.

याच पद्धतीतली दुसरी गोष्ट म्हणजे, मिक्सरने आपले बदल टॅबलेटला कळवत राहावं यासाठी टॅबलेटला दर दहा सेकंदांच्या आत ‘मी आहे’ असं सांगावं लागतं. सांगितलं नाही तर मिक्सर त्याला कळवणं थांबवतो. टॅबलेट झोपला, फोनवर कॉल आला, अॅप मागे गेलं, की हाच प्रकार. बहुतेक अॅपं हे स्वतः सांभाळतात, पण स्क्रीन बंद झाल्यावर त्यांचंही काही चालत नाही.

मग वाय-फाय. ऑफिसचा राउटर तळमजल्यावर, दोन भिंतींपलीकडे, २.४ गिगाहर्ट्झवर होता. त्याच जाळ्यावर सीसीटीव्ही, ऑफिसचे संगणक आणि शिक्षकांचे फोन. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे वाय-फायचे चॅनल तीनच वापरता येतात: १, ६ आणि ११. सभागृह भरलं की प्रत्येक खिशातला फोन ओळखीची जाळी शोधत ओरडत असतो. वर माणसांची शरीरं ही बहुतांशी पाण्याची, आणि पाणी या लहरी शोषतं. रिकाम्या खुर्च्यांमध्ये घेतलेली तालीम म्हणून काहीच सिद्ध करत नाही. काकांच्या टॅबलेटवर वाय-फायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसत होत्या, त्याचंही कमिटीला नवल वाटलं. रेघा सिग्नलची ताकद दाखवतात, हवेत बोलायला जागा आहे का हे दाखवत नाहीत.

यावर उपाय करणं त्या मानाने सोपं होतं. सीताबर्डीवरून एक साधा ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही चालणारा) राउटर आणला, त्याला इंटरनेट दिलंच नाही, आणि कंट्रोल रूममधून केबल ओढून तो बाल्कनीच्या कठड्याला, प्रेक्षकांच्या डोक्यांच्या वर, स्टेजकडे तोंड करून बसवला. ५ गिगाहर्ट्झवर, २० मेगाहर्ट्झ रुंदीत. लोक रुंदी ८० वर नेतात आणि वेग दाखवून खूश होतात. इथे वेगाचं काम नाही, आदेश अगदी चिमुकले असतात, आणि अरुंद चॅनल गर्दीत जास्त तग धरतो. चॅनल ३६ ते ४८ मधला. मधले ५२ च्या पुढचे चॅनल टाळले, कारण तिथे राउटरला रडारचा मागोवा घ्यावा लागतो आणि रडारसारखं काही ‘ऐकू’ आलं तर त्याने तत्काळ चॅनल सोडणं बंधनकारक असतं. भैरवीच्या मध्यावर राउटर जागा बदलायला निघाला तर काय करणार? २०१८ पासून आपल्याकडे ५ गिगाहर्ट्झचे पट्टे घराबाहेरही परवान्याशिवाय वापरता येतात. संस्थेचं स्नेहसंमेलन मागच्या मैदानावर होतं, तिथे ते कामाला येतं.

एक गंमत इथे नोंदवतो. आधी कुणीतरी राउटरची केबल मिक्सरच्या एईएस५० च्या खाचेत घातली होती. दिसायला ती नेटवर्कच्या खाचेसारखीच असते, पण तिच्यातून स्टेज बॉक्सचा आवाज जातो, नियंत्रण जात नाही. रिमोटची खाच वेगळी. त्यावर आता काकांनी पिवळी चिकटपट्टी लावली आहे आणि मराठीत ‘फक्त राउटर’ असं लिहिलं आहे.

आता अॅपांकडे. कमिटीतल्या एका तरुण सदस्याचं म्हणणं होतं की हा मिक्सर विकून साउंडक्राफ्टचा यूआय२४आर घ्यावा. त्यात अॅप लागतच नाही. मिक्सर स्वतःच एक वेबपान पुरवतो आणि आयपॅड, अँड्रॉइड, विंडोज, काहीही असो, ब्राउझर उघडला की काम सुरू. विचार वाईट नव्हता. उद्या कुठली कंपनी कुठल्या जुन्या टॅबलेटला अॅप देणं थांबवते याची काळजी अशा मिक्सरला कमी असते. ही काळजी खरी आहे. २०१२ च्या सुरुवातीला मॅकीने डीएल१६०८ हा आयपॅड पोटात बसवायचा मिक्सर जाहीर केला, ३० पिनांच्या खाचेसह. त्याच वर्षाच्या अखेरीस अॅपलने आयपॅडची खाचच बदलली. मिक्सर दहा-पंधरा वर्षं जगतो, टॅबलेट त्याच्या अर्धंही नाही. पण यूआयला हाताने सरकवायचे फेडर नाहीत, आणि काकांना अडीअडचणीला धावत जाऊन धरायला खरे फेडर हवे होते. कुई झाली तेव्हा त्याच फेडरांनी वाचवलं होतं. शिवाय चांगला चालणारा मिक्सर विकणं संस्थेच्या हिशेबात बसणारं नव्हतं. तो विषय तिथेच मिटला.

राहिले तीन मार्ग. पहिला, कंपनीचं स्वतःचं आयपॅडवरचं अॅप, एक्स३२-मिक्स. नीटनेटकं, फुकट, मिक्सरच्या पडद्याशी मिळतंजुळतं. मात्र ऑफिसचा आयपॅड इतका जुना होता की त्यावर नवी आयओएस चढत नव्हती, म्हणजे नवा घेणं आलंच. दुसरा, लॅपटॉपवरचं एक्स३२-एडिट, जे विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं. यात सगळं दिसतं, सगळं बदलता येतं, सीन, म्हणजे मिक्सरची पूर्ण मांडणी, साठवून ठेवता येतात. पण मांडीवर लॅपटॉप घेऊन प्रेक्षकांत बसणं म्हणजे शेजारच्या तिघांच्या डोळ्यांवर दिवा मारणं. आणि त्यात एक खड्डा आहे. जोडताना ते विचारतं की मिक्सरमधली मांडणी लॅपटॉपवर घ्यायची की लॅपटॉपवरची मिक्सरवर चढवायची. दुसरं उत्तर चुकून दाबलं गेलं तर तास-दीड तासाची साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची जुळवणी, क्षणात पुसली जाते. लॅपटॉप म्हणून आम्ही वर कंट्रोल रूममध्येच ठेवला, केबलने जोडून, आणि ‘मिक्सरकडून घे’ एवढंच दाबायचं हे पडद्याच्या चौकटीवर लिहून ठेवलं.

तिसरा मार्ग मिक्सिंग स्टेशनचा. हे कुणा मिक्सर कंपनीचं नाही. अँड्रॉइड, आयओएस, विंडोज, मॅक, लिनक्स, सगळीकडे चालतं आणि बेहरिंगर, मायडास यांच्याखेरीज इतर अनेक कंपन्यांचे मिक्सरही त्याला समजतात. पैसे मोजावे लागतात, पण टॅबलेटच्या किमतीपुढे ते किरकोळ. माझा कौल याला पडला, तो सुबकपणासाठी नव्हे. सुबक ते नाहीच. पहिल्यांदा उघडलं की विमानाच्या कॉकपिटमध्ये बसल्यासारखं वाटतं. पण त्यात आपल्या मनासारखी मांडणी करता येते. काकांच्या पहिल्या पानावर आता सहाच फेडर आहेत: मुख्य गायक, साथीचा गळा, हार्मोनियम, तबला, निवेदन आणि रिव्हर्ब (आवाजातला घुमारा). बत्तीस चॅनल, सोळा बस (आवाज एकत्र करून पुढे नेणाऱ्या वाटा), हे सगळं मागे कुठेतरी आहे, पण अंधारात बोट चुकून तिथे पोचत नाही. आणि काका सीझनमध्ये इतर सभागृहांतही जातात. तिथला मिक्सर वेगळ्या कंपनीचा असला तरी बोटांची सवय तीच राहते. काकांना हे पटायला वेळ लागला. “फेडर हाताला लागत नाही, बघावं लागते,” ही त्यांची तक्रार आजही आहे, आणि ती रास्त आहे. काचेवर बोट कुठे आहे हे बोटाला कळत नाही.

टॅबलेट दहा इंची अँड्रॉइड घेतला. त्याच्या काही सवयी आधीच मोडाव्या लागल्या. इंटरनेट नसलेलं वाय-फाय दिसलं की अँड्रॉइड ते ‘निकामी’ समजून दुसरीकडे जायला बघतो. म्हणून सिमकार्ड नाही, विमान मोड चालू, त्यावर फक्त वाय-फाय चालू, आणि विचारल्यावर ‘याच जोडणीवर राहा’. स्क्रीन झोपणार नाही, उजेड किमान, अॅप पिन केलेलं. ज्यांच्याकडे आयपॅड आहे त्यांनी आयओएस १४ पासून अॅप पहिल्यांदा उघडताना येणारा स्थानिक नेटवर्कच्या परवानगीचा प्रश्न लक्षात ठेवावा. घाईत नकार दिला की मिक्सर सापडतच नाही आणि दोष राउटरला दिला जातो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. बँडवाल्यांना आपापला मॉनिटर, म्हणजे स्टेजवर स्वतःला ऐकू येणारा आवाज, स्वतः लावायचा होता. मागणी योग्य आहे. कीबोर्डवाल्याने “काका, थोडा तबला द्या” म्हणून भर कार्यक्रमात हातवारे करण्यापेक्षा त्याने फोनवर स्वतःच घ्यावा. एक्स३२-क्यू हे अॅप नेमकं त्यासाठी आहे, फक्त मॉनिटरचे सेंड (कुणाचा आवाज त्यात किती जावा) दाखवतं. पण क्यू अॅपची ही मर्यादा अॅपमध्ये आहे, मिक्सरमध्ये नाही. ओएससीच्या आदेशाबरोबर नाव-गाव जात नाही, पासवर्ड जात नाही. त्या जाळ्यात शिरलेला कोणताही फोन मिक्सिंग स्टेशन उतरवून मुख्य फेडर हलवू शकतो. तबलजीच्या पुतण्याने कुतूहलापोटी केलं तरी मिक्सर त्याला काकांइतकाच मान देईल. काही मिक्सर याबाबत वेगळे आहेत. साउंडक्राफ्टच्या यूआयमध्ये कुणाला काय दिसावं यावर कुलूप लावता येतं. पण आपल्यापुढे जो मिक्सर होता त्यात राउटरचा पासवर्ड हे एकमेव दार.

म्हणून ठरलं ते असं. बँडचे फोन साउंडचेकपुरते जाळ्यात येतील. पडदा उघडण्याआधी राउटरचा पासवर्ड बदलला जाईल, फक्त काकांचा टॅबलेट नव्या पासवर्डने आत राहील. कार्यक्रमाच्या मध्ये कुणाला मॉनिटरचं काही हवं असेल तर हातवारेच. एका नावाजलेल्या बँडलीडरला हे पटलं नाही. “आमच्यावर भरवसा नाही का?” असं त्यांनी विचारलं. भरवसा आहे, पण बँडमध्ये आठ माणसं आणि त्यांच्याबरोबर आलेली सोळा, हे उत्तर सचिव मॅडमनी फार गोड शब्दांत दिलं. त्या तरुण सदस्याने मध्ये एक रास्पबेरी पाय हा छोटा संगणक ठेवून फक्त मॉनिटरचेच आदेश पुढे सोडणारी चाळणी बनवायची कल्पना मांडली आहे. कल्पना चांगली आहे. ती अजून वहीत आहे.

उलट दिशेनेही हाच विचार लावला. रोज सकाळच्या शाळेच्या सभेला काका नसतात. पूर्वी शिपाईभाऊ वर जाऊन दिसेल तो फेडर उचलायचे. त्यांच्यासाठी टचओएससी या हवी ती बटणं मांडू देणाऱ्या अॅपवर एक पान बनवलं: प्रार्थनेचा माईक चालू-बंद, मुख्याध्यापकांचा माईक चालू-बंद, आणि एक आवाजाची पट्टी, जी ठरलेल्या मर्यादेच्या वर जातच नाही. ते एका जुन्या फोनवर आहे आणि तो फोन ऑफिसच्या कपाटात असतो. त्या फोनवर दुसरं काही उघडत नाही. शिपाईभाऊंना मिक्सर म्हणजे काय हे माहीत असण्याची गरज उरली नाही, आणि मला वाटतं सगळ्या मांडणीत हेच सर्वांत नीट जमलं.

कुईचा बंदोबस्त दोन गोष्टींनी झाला. स्क्रीनवरचे आवाजाचे मीटर थांबले की फेडरला हात लावायचा नाही, हा काकांचा नियम. मीटरची माहिती मिक्सर सेकंदाला वीसेक वेळा पाठवतो, त्यामुळे जोडणी गेली की सर्वांत आधी तेच गोठतात. दुसरं, वर कंट्रोल रूममध्ये दिव्यांसाठी बसणाऱ्या मुलाला एक्स३२ चा मुख्य फेडर आणि म्यूट ग्रुप (एका बटणाने अनेक माईक बंद करणारे) शिकवले. काकांनी टॅबलेट डोक्यावर धरला की तो मिक्सरजवळ येतो. राउटर आणि मिक्सर एकाच यूपीएसवर आहेत, कारण लाइट गेल्यावर मिक्सर जगला आणि राउटर पुन्हा सुरू होण्यात दोन मिनिटं गेली तर त्या दोन मिनिटांत काका पुन्हा आंधळे.

सर्वांत मोठं भांडण मात्र खुर्चीवरून झालं. काकांना बसायला मधल्या रांगेतली, बाल्कनीच्या छायेबाहेरची जागा हवी. तीच जागा देणगीदारांची. एक खुर्ची कायमची काढायला कमिटी तयार होईना. शेवटी कडेची, मध्यरेषेपासून चार खुर्च्या दूर अशी जागा मिळाली. तिथे डाव्या स्पीकरचा आवाज थोडा जास्त येतो. काका म्हणतात, “चालते ना भाऊ, मी डोक्यात वजा करतो.”

उन्हाळी शिबिरासाठी मैदानावर हीच मांडणी न्यायची असा कमिटीचा मानस होता, त्याला मी नाही म्हटलं. आयपॅडसाठी अॅपलने वापराचं तापमान ० ते ३५ अंश सांगितलं आहे, इतर टॅबलेटही याच वर्गातले, आणि मे महिन्यात नागपुरात ४५ अंशांच्या आसपास सावलीतही दया नसते. तापलेला टॅबलेट आधी पडदा मंद करतो, मग सरळ बंद होतो. मैदानावर मिक्सरच समोर आणायचा आणि काकांनी खऱ्या फेडरवर बसायचं, असं ठरलं. टॅबलेट, अॅप आणि मिक्सरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) यांचे आपोआप होणारे अपडेट सीझन संपेपर्यंत बंद आहेत. ते जूनमध्ये, शाळा भरण्याआधीच्या आठवड्यात, सभागृह रिकामं असताना एकदम करायचे आहेत.